कोरड्यावर पोहणं शिकवणाऱ्या बाई

वाशिममध्ये ज्या बायका आज साठीच्या आसपास आहेत, त्यांच्यातल्या बऱ्याच जणींना पोहण्याचे हात येतात. दोन्ही तळवे छातीशी जोडून पुढे न्यायचे, मग बाहेर वळवून पाणी मागे ढकलायचं आणि त्याच वेळी पाय बेडकासारखे आखडून झटकायचे. एखादीला विचारलंत तर ती ओसरीवर पालथी पडून करूनही दाखवील. पाण्यात मात्र त्यांच्यातली एकही कधी उतरलेली नाही. हे आम्हाला बाईंनी शिकवलं, मुलींच्या शाळेच्या अंगणात, सरकीच्या पोत्यांवर.

बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. उंच, हाडकुळ्या, पांढरं लुगडं, पायात पुरुषी वहाणा. ऐन विशीत नवरा गेला तेव्हा कडेवरची मुलगी घेऊन त्या माहेरी गेल्या, पुढे ट्रेनिंग केलं आणि वाशिमला येऊन शाळा हाती घेतली. पोहणं त्यांना स्वतःला येत नव्हतं. गावातल्या पद्मतीर्थ तळ्याच्या काठावर बसून त्यांनी पोहणारी पोरं पाहिली, घरी येऊन त्यांचे हात गिरवले आणि आम्हाला दिले.

पोत्यांसाठी त्या सरकीच्या एका व्यापाऱ्याकडे गेल्या होत्या. हे मुसलमान शेठ मोठे दिलदार, त्यांच्या दोन्ही मुली आमच्याच शाळेत. त्यांनी विचारलं, "बाई, पोती काहून पाहिजे?"

"पोरी पोहतील त्याच्यावर."

"पण वाशिममधी पोहाले पाणी कुठं आहे? उन्हाळ्यात तं प्याले भेटत नाही."

"विहिरीत आहे ना," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गाडीभर पोती आली.

एकदा तपासणीला आलेले साहेब फाटकातच थबकले. अंगणभर मुली पोत्यांवर पालथ्या पडून हातपाय मारताहेत आणि मधून बाई छडी घेऊन फिरताहेत. साहेबांनी विचारलं, "हा कोणता विषय म्हणायचा?"

"जीव वाचवणं."

"अभ्यासक्रमात तर नाही."

"नाही ना. म्हणून शाळा सुटल्यावर घेते."

गावातली टवाळ पोरं आमच्या शाळेला बेडकांची शाळा म्हणायची. फाटकाबाहेर उभं राहून डराव डराव करायची. बाईंना त्याचं काही नव्हतं. त्यांचं लक्ष विहिरींवर. ज्या विहिरीला कठडा नाही ती त्यांच्या नजरेतून सुटत नसे. मग त्या म्युनिसिपालिटीच्या एखाद्या मेंबराच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. बसा म्हटलं तरी बसत नसत. "कठडा बांधता का सांगा, मंग बसीन." एका मेंबराच्या घरी हळदीकुंकू होतं, बायका येत होत्या, जात होत्या, आणि दारात पांढऱ्या लुगड्यातली विधवा उभी. दुसऱ्या दिवशी गवंडी कामाला लागला. आज वाशिमच्या जुन्या वस्तीत ज्या विहिरींना कमरेइतके दगडी कठडे दिसतात, त्यातले निम्मे तरी बाईंच्या उभं राहण्यानं बांधले गेले आहेत.

यामागचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून मोठी माणसं फार हसतही नसत. बाईंची मुलगी जऊळक्याला दिली होती. तिचं तान्हं बाळ गेलं आणि नंतर थोड्याच दिवसांत सासरच्या मळ्यातल्या विहिरीत ती गेली. पाणी काढताना पाय घसरला. आम्ही लहानपणापासून हेच ऐकत आलो. बाई स्वतःच सांगायच्या. पोत्यांचा वर्ग सुरू करताना दरवर्षी नव्या मुलींना त्या एकदाच, उभ्या उभ्या, अगदी कोरड्या आवाजात सांगत, "माझ्या पोरीचा पाय घसरला. विहिरीले कठडा नव्हता आणि तिले पोहता येत नव्हतं. चला, पालथ्या पडा."

मी त्यांची विद्यार्थिनी. सातवी झाले तेव्हा त्यांनीच मला धाकट्या वर्गांना शिकवायला ठेवून घेतलं. शिक्षक म्हणून त्या कडक होत्या, पण त्यांचा कडकपणा भलतीकडेच असायचा. गणित चुकलं तर काही म्हणत नसत. डब्यात काय आणलंस हे मात्र खोदून विचारत, आणि मुलगी खोटं बोलली की ते त्यांना कळे. कामरगावची एक मुलगी मावशीकडे राहून शिकायची. "भाजी-पोळी आणली" म्हणून ती रोज सांगे आणि डबा उघडत नसे. बाईंनी एकदा तिचा डबा हातात घेतला, नुसता तोलला आणि परत दिला. त्या दिवसापासून ती मुलगी बाईंबरोबर जेवायला बसू लागली. मावशीला बाई एका शब्दानं बोलल्या नाहीत.

माझं लग्न झालं ते कोकणातल्या माणसाशी. ते आमच्याकडच्या जिनिंग कारखान्यात कारकून म्हणून आले होते. पुढे त्यांचे वडील वारले आणि घर सांभाळायला त्यांना परत जावं लागलं. मीही गेले. रत्नागिरीकडच्या एका खाडीच्या काठी त्यांचं गाव. घराच्या मागच्या अंगणातून दगडी पायऱ्या उतरल्या की थेट पाणी. तिथं छोटासा धक्का होता. ह्यांना खाडीतून चालणाऱ्या लाँचच्या कचेरीत नोकरी मिळाली. माझ्यासारख्या वऱ्हाडातल्या मुलीला सगळंच नवं होतं. पाणी दिवसातून दोनदा येतं आणि दोनदा जातं याची मला किती दिवस गंमत वाटायची.

तिथं मला मुलगा झाला. सव्वा महिन्याचा होऊन तापानं गेला.

त्यानंतर मी बोलेनाशी झाले. ठरवून नव्हे. बोलायला तोंड उघडलं की आत काही नसायचंच. कोणी विचारलं तर "बरी आहे" एवढं म्हणायची. कामं करायची, आणि कामं संपली की धक्क्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसायची. भरती येऊ लागली की पाणी पावलांवर यायचं, मग घोट्यांवर. मी उठत नसे. एकदा लुगडं मांडीपर्यंत भिजलं तेव्हा सासूबाईंनी हाताला धरून वर आणलं. त्या बिचाऱ्या देवाला नारळ बोलत होत्या. हे कचेरीतून दिवसाकाठी दोन-तीन वेळा काही ना काही निमित्त काढून घरी डोकावून जायचे आणि मी दिसले की काही न बोलता परत जायचे.

माझी आई येऊन मला बघून गेली. वाशिमला परतल्यावर ती बाईंकडे गेली आणि म्हणाली, "पोरगी बोलत नाही. काही इचारलं का म्हणते, बरी आहे." आई पुढं सांगायची, हे ऐकताच बाईंनी हातातला खडू टेबलावर ठेवला आणि भर वर्गातून उठून घरी गेल्या. संध्याकाळच्या गाडीनं त्या निघाल्या. रजेचा अर्ज मागाहून कोणी तरी नेऊन दिला.

वाशिमहून अकोला, अकोल्याहून मुंबई, तिथून आगबोट आणि मग खाडीची लाँच. आगबोटीत त्यांच्या पोटात पाणीसुद्धा टिकलं नव्हतं. आमच्या गावी उतरल्या तेव्हा चेहरा पांढराफटक, एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातात पितळेचा फिरकीचा तांब्या. तांब्यात वाशिमचं पाणी होतं. "तुमच्याकडचं खारं असते म्हणे," त्या सासूबाईंना म्हणाल्या. आमच्या विहिरीचं पाणी गोड आहे हे पटवायला सासूबाईंना दोन दिवस लागले.

बाळाबद्दल बाईंनी अवाक्षर काढलं नाही. माझ्याकडे पाहिलं, ट्रंक उघडली, ज्वारीचं पीठ काढलं आणि चुलीपुढे बसल्या. संध्याकाळी त्या ह्यांना म्हणाल्या, "जावईबापू, एखादी लहानी मोटरबोट भेटेल का दिवसभरासाठी? एवढ्या दूर आली तं मले पाणी पाह्यचं आहे. हिलेही नेऊ सोबत."

हे माझ्याकडे बघत राहिले. मला पाण्यावर न्यायचं म्हणजे काय हे त्यांच्या मनात आलंच असणार. बाई म्हणाल्या, "मी आहे ना."

लाँच कंपनीची एक छोटी मोटरबोट होती, टपालाच्या थैल्या आणि क्वचित एखादा डॉक्टर नेण्यापुरती. ती ह्यांनी मागून घेतली. चालवणारा हुसेन तांडेल. वयानं बाईंएवढाच असेल. पांढरी दाढी, डोक्याला रुमाल आणि तेलानं काळी झालेली बोटं. इंजिनही तोच बघायचा आणि सुकाणूही तोच धरायचा. सकाळी भरती लागल्यावर आम्ही निघालो. बाईंनी भाकऱ्यांचं गाठोडं घेतलं होतं. धक्क्यावर हे उभे होते. इंजिन भकभक करत सुरू झालं तेव्हा ते काही तरी बोलले, पण ऐकू आलं नाही.

भरतीचं पाणी आम्हाला वर वर घेऊन चाललं होतं. घाई कोणालाच नव्हती. हुसेन तांडेलानं इंजिन अगदी मंद ठेवलं होतं. दोन्ही काठांना कांदळाची झाडी, तिची मुळं चिखलातून वर आलेली, आणि त्यांच्यामागे माडांचे शेंडे. एखाद्या वळणावर चार कौलारू घरं आणि पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. पायऱ्यांवर भांडी घासणारी बाई मान वर करून बघायची आणि हुसेनला ओळखून हात हलवायची. वाळूनं भरलेला एक पडाव शिडावर खाली जात होता. इतका भरलेला की त्याच्या कडेला पाणी लागत होतं.

बाई मध्ये बसल्या होत्या, दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून. बराच वेळ त्या नुसत्या बघत होत्या. मग वाकून ओंजळीत पाणी घेतलं, चाखलं आणि थुंकलं.

"एवढं पाणी, अन् एक घोट कामाचा नाही," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे बाया कोसभरून हंडे आणते."

हुसेन हसला. "माशांच्या कामाचा हाय ना, बाय."

पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं, "ह्याले कठडा नाही कुठंच?"

"खाडीला कठडा कसा घालनार?"

"पोरं पडत असतील."

"पडतात. पोवून येतात. चालायच्या आधी पोवतात आमची पोरं."

काठावर एका ठिकाणी कोळ्यांची उघडी पोरं पायरीवरून उड्या टाकत होती. एक चिमुरडी, चार-पाच वर्षांची असेल, पाण्यात पडली, दिसेनाशी झाली आणि भलतीकडेच वर आली. केस चेहऱ्यावर चिकटलेले, तोंडातून पाण्याची चूळ. बाईंनी मान वळवून वळवून तिला बघितलं, बोट पुढं गेली तरी बघत राहिल्या.

मी कडेला बसले होते, एक हात पाण्यात सोडून. बाई मला काही विचारत नव्हत्या. त्यांनी विचारलं असतं तर मी "बरी आहे" म्हटलं असतं आणि तो दिवस तिथंच संपला असता. उन्हं वर आली तसं पाणी हिरवं दिसू लागलं. किती तरी दिवसांनी मी कशाकडे तरी बघत होते असं मला वाटलं. तरी आतून काही हलत नव्हतं.

दुपारी एका वळणावर, जिथं खाडीच्या कडेला वाळू होती, तिथं हुसेननं इंजिन बंद केलं आणि नांगर टाकला. एकदम एवढी शांतता झाली की कानांना चमत्कारिक वाटलं. आम्ही भाकरी सोडली. सुकवलेल्या अंबाडीची भाजी, झुणका आणि मिरचीचा ठेचा. हुसेनला बाईंनी दोन भाकऱ्या दिल्या. ठेच्यानं त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण माणूस खात राहिला. "तुमच्याकडं माणसं हे रोज खातात?" त्यानं विचारलं. "रोज," बाई म्हणाल्या, "म्हणून आमी भांडखोर."

जेवण झालं, हात धुतले, आणि बाईंनी पदर कमरेला खोचला.

"मी उतरतो," त्या म्हणाल्या. वऱ्हाडातल्या जुन्या बायका बोलतात तसं त्या बोलायच्या, मी जातो, मी करतो.

"बाई, कायले?" मी म्हटलं. तो त्या दिवसातला माझा पहिला शब्द असावा.

"एवढ्या पोरींले शिकवलं. एकदा करून तं पाहू."

हुसेननं त्यांना हात धरून उतरवलं. कमरेइतकं पाणी. पांढरं लुगडं फुगून वर आलं. त्या तशाच काही वेळ उभ्या राहिल्या, थंडीनं खांदे आखडून. मग त्यांनी दोन्ही तळवे छातीशी जोडले, अगदी वर्गात जोडायच्या तसे, आणि पुढे झोकून दिलं.

त्या दगडासारख्या खाली गेल्या. एकदा हात वर आला, एकदा पाय. हुसेन अंगरख्यासकट उतरला आणि दंडाला धरून त्यानं त्यांना उभं केलं. कमरेइतकंच पाणी होतं, पण त्यांना पाय टेकायचेही सुचलं नव्हतं. खोकून खोकून त्यांचा जीव अर्धा झाला. आम्ही दोघांनी त्यांना बोटीत ओढून घेतलं. डोक्यावरचा पदर गेला होता. आखूड पांढरे केस पहिल्यांदाच मी पाहिले.

खोकला थांबल्यावर त्या हसू लागल्या. मग थांबल्या.

"सगळं चुकीचं शिकवलं मी," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं."

हुसेन बोटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाठ करून बसला आणि इंजिन पुसू लागला. फार समजूतदार माणूस.

मला काय वाटलं कोण जाणे. त्यांच्या अंगाला माझं कोरडं पांघरूण लपेटत मी म्हटलं, "बाई, आपल्या ताईले कोणी खरं शिकवलं असतं तं वाचली असती. तुमचा त्याच्यात काय दोष?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तिले येत होतं," त्या म्हणाल्या.

मला आधी समजलंच नाही.

"पोहता येत होतं तिले. माझ्या माहेरची नदी आहे ना, पैनगंगा, तिच्यात दिवस दिवस राह्यची मामाच्या पोरांसंग. आत्ता ती पोरगी पाह्यली ना, तशी."

बोट हळूहळू नांगराभोवती फिरत होती. भरती संपत आली होती.

"मंग पाय घसरला म्हणता ते?"

"ते मी सांगितलं. लोक काय बाय बोलून राह्यले होते. ती पापी ठरली असती. मंग मी म्हटलं, पाय घसरला. लोक म्हणे, पण बाहेर काहून नाही आली? मी म्हटलं, पोहता येत नव्हतं तिले." त्यांनी पदराचं टोक पिळलं. "एकदा सांगितलं का रोज सांगा लागते. पोती आणली, पोरी पालथ्या पाडल्या, गावभर कठडे बांधले. लोकायले पटलं. मलेही अर्धंमुर्धं पटलं."

मी पांघरूण त्यांच्या खांद्यांवर नीट सावरलं.

"तिचं लेकरू गेलं, तं मी भेटाले गेली होती जऊळक्याले. एक दिवस राह्यली. तिले इचारलं, कशी आहेस? म्हणे, बरी आहे. मी म्हटलं, चला, बरी आहे. परीक्षा होत्या शाळेत. मी आली परत." त्यांनी ओल्या पदरानं तोंड पुसलं. तोंड आणखी ओलं झालं. "तुझी माय माझ्याकडे आली अन् म्हणाली, पोरगी बरी आहे म्हणते. मी खडू ठेवला अन् निघाली."

मग त्यांनी माझा हात धरला नाही, कुशीत घेतलं नाही, बाईंना ते जमतही नसे. त्या समोर बसून थरथरत होत्या. उन्हात वाळत होत्या. एवढंच म्हणाल्या, "मी ज्या दिवशी तिथून निघाली, त्या दिवशी तिले मी पाह्यलं नाही नीट. आता तुले पाहून राह्यली."

ओहोटी लागल्यावर हुसेननं नांगर ओढला. परत येताना पाणी आम्हाला खाली घेऊन येत होतं, इंजिनाची गरज जवळजवळ नव्हतीच. काठावरची मुळं उघडी पडत होती आणि चिखलात बगळे उतरले होते. बाईंना शेवटी झोप लागली, फळीला टेकून, तोंड उघडं टाकून. उतरत्या उन्हात त्या फार म्हाताऱ्या दिसत होत्या. मी त्यांच्याकडे बघत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. बाळ गेल्यापासून ते आलं नव्हतं.

घरी आलो तरी सगळं एका दिवसात सुधारलं असं नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या पायरीवर जाऊन बसले. बाई शेजारी येऊन बसल्या. पाणी दोघींच्याही पावलांवर आलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ट्रंक भरली, दारात उभ्या राहिल्या आणि मला विचारलं, "जाऊ का मी?"

"जा," मी म्हटलं. "तुमची शाळा आहे. माझी काळजी करू नका."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग ट्रंक आत नेली, उघडली आणि लुगडी परत दांडीवर टाकली. त्यानंतर रोज सकाळी हेच. ट्रंक भरायची, दारात यायचं, "जाऊ का?" विचारायचं. मी "जा" म्हणायची, आणि त्या ट्रंक रिकामी करायच्या. सासूबाईंना वाटलं म्हातारीचं डोकं फिरलंय. मध्ये वाशिमहून निरोप आला की शाळेची कमिटी नाराज आहे. बाईंनी तो ऐकला आणि तांदूळ निवडत बसल्या.

एक दिवस त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून "जा" आलंच नाही. मी दाराची चौकट धरली.

"नका जाऊ," मी म्हटलं. "तुमी गेल्यावर मी एकटी राहीन. मले माझं भेव वाटते, बाई. खाली पाणी आलं का मले वाटते, आता उठूच नये."

बाईंनी ट्रंक खाली ठेवली. "हे जावईबापूले सांगितलं?"

"नाही."

त्यांनी सासूबाईंना सांगून ह्यांना कचेरीतून बोलावून घेतलं. हे धापा टाकत आले. बाई म्हणाल्या, "सांग आता. जे मले सांगितलं तेच."

मला ते पुन्हा बोलायला फार वेळ लागला. बोलले. मग हे ओट्यावर खाली बसले आणि स्वतःच्या आईदेखत, बाईंदेखत माझा हात हातात धरून ठेवला. त्या काळी असं कोणी करत नसे. सासूबाई आत निघून गेल्या आणि थोड्या वेळानं चहा घेऊन आल्या.

बाईंनी चहा घेतला. "आता जातो मी," त्या म्हणाल्या. या वेळी त्यांनी विचारलं नाही. दुपारच्या लाँचनं त्या गेल्या. ह्यांनी त्याच आठवड्यात बदली मागून घेतली. आम्ही गावातून तालुक्याच्या ठिकाणी, पाण्यापासून दूर, एका भाड्याच्या खोलीत राहायला गेलो. मला बरं व्हायला पुढे खूप दिवस लागले, पण त्या दिवसांत मला एकटीला ते वागवावं लागलं नाही.

बाईंचं पुढे काय झालं ते मला आईकडून कळलं. वाशिमला परतल्यावर त्यांनी पोती शेठना परत केली. नव्या मुलींचा वर्ग भरला तेव्हा त्यांच्यापुढे त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्या पोरीचा पाय घसरला नव्हता. तिनं जीव दिला. तिले पोहता येत होतं. तिले काय होऊन राह्यलं ते मले कळलं नाही, अन् मी दुसऱ्यांदा इचारलं नाही." मुली रडत घरी गेल्या. संध्याकाळपर्यंत गावात बोभाटा झाला. लहान मुलींसमोर असलं बोलणं, असं कमिटीचं म्हणणं पडलं. जऊळक्याचे व्याही येऊन दारात भांडून गेले, आमच्या घराण्याला काळं फासलं म्हणाले. बाईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. वर्ष संपता संपता त्यांना शाळेतून जायला सांगितलं. काही कोणी त्यांना वाईट वागवलं असं नाही. फक्त लोक त्यांच्याकडे जायचे थांबले. मुलीनं जीव दिला आणि आई ते उघड सांगत फिरते, अशा घरी बसायला कोण जाणार? फक्त शेठच्या मुली ईदेला शिरखुर्मा घेऊन जात.

त्यानंतर मी त्यांना एकदाच भेटले. नंतर झालेली माझी मुलगी कडेवर घेऊन मी माहेरी गेले होते. बाई एका खोलीत राहत होत्या. आणखी वाळल्या होत्या, डोळ्यांत फूल पडलं होतं. त्या वर्षाअखेर त्या गेल्या. भेटीच्या त्या दुपारी त्यांनी माझ्या मुलीचे हात-पाय चाचपून पाहिले, ती काय खाते ते विचारलं, मला काय काय भोगावं लागलं ते नीट विचारलं आणि मी सगळं खरं सांगितलं. मग बोलायचं संपलं. तेव्हा मी विचारलं, "बाई, ताई कशी होती?"

त्यांनी चष्मा काढला. "कशी म्हणजे?"

"म्हणजे लहानपणी. कशी होती?"

"हे आजपर्यंत कोणी इचारलं नाही," त्या म्हणाल्या.

मग त्या सांगू लागल्या. अनसूया नाव तिचं, घरी अनशी म्हणत. डाव्या हातानं जेवायची, त्यासाठी आजीचा मार खायची. तिला चिंचेचा भारी नाद, खिशाचा परकर शिवून घेतला होता चिंचा ठेवायला, आणि तो धुवायला टाकला की बाकीचे कपडे डागाळायचे. मामाच्या गावी म्हशीच्या पाठीवर बसून नदी ओलांडायची आणि ते घरी कोणाला सांगायचं नाही म्हणून बाईंना स्वतःच सांगायची. पाढे म्हणताना मध्येच झोपायची. एकदा शाळेच्या नाटकात तिला झाड व्हायचं होतं, राणी नको म्हणाली, झाडाला कोणी बोलत नाही म्हणून. बाई सांगत होत्या आणि हसत होत्या, मध्येच थांबून छताकडे बघत होत्या, पुन्हा सांगत होत्या. माझी मुलगी मांडीवर झोपून गेली. उन्हं दारातून बाहेर सरकली. आईनं एकदा मला बोलवायला माणूस पाठवला, मी त्याला परत पाठवलं.

"तुले उशीर होत असन," बाई एकदा म्हणाल्या.

"नाही होत."

"बस मंग. तिच्या लग्नापर्यंत तं आलीच नाही मी अजून."

दिवे लागेपर्यंत मी बसले. तिच्या लग्नापर्यंत आम्ही पोचलो नाही.